वीज कोणावर कोसळते? रोमन कवितेतील उंची आणि सोलापूरचा माळ

उंची हा कवितेचा फार जुना मोह आहे आणि तितकीच जुनी धास्तीही. प्राचीन रोमच्या कवींनी या दोन्ही भावनांतून एक सबंध प्रतिमासृष्टी उभारली. पर्वताचा माथा, पाइन, ओक आणि मनोरा एका बाजूला. त्यांच्यावर तुटून पडणारी वीज, वादळ आणि पूर दुसऱ्या बाजूला. सोलापूरच्या मराठी कवितेतही ही जोडी आहे. दत्ता हलसगीकर (१९३४–२०१२) यांची सर्वाधिक वाचली गेलेली कविता 'उंची' याच नावाची आहे, आणि करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांच्या कवितासंग्रहाचे नाव आहे 'उन्हाच्या कटाविरुद्ध'. एकात माणसाची उंची, दुसऱ्यात निसर्गाची शक्ती. रोम आणि सोलापूर शेजारी ठेवून वाचले की आजच्या मराठी कवितेतील एक उणीव स्पष्ट दिसते. आपल्याकडे उंचीच्या प्रतिमा उदंड आहेत. त्या उंचीला भिडणारी निसर्गशक्ती मात्र पुसट होत चालली आहे.

ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही. सोलापूरला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात या व्यापारी नगराचा उल्लेख आहे. तेरमध्ये रोमशी असलेल्या व्यापाराच्या खुणा मिळाल्या, तशीच एक हस्तिदंती स्त्रीमूर्तीही मिळाली. इटलीतील पॉम्पेईच्या अवशेषांत १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे आणि जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या मूर्तीचे साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. त्या डोंगरावर मार्शल या कवीने लहानशी कविता लिहिली आहे. काल द्राक्षवेलींनी हिरवागार असलेला डोंगर आज राखेत बुडाला, एवढाच तिचा विषय. दख्खनशी नाते सांगणारी हस्तिदंती मूर्ती आणि रोमन कवीचा शोक एकाच राखेशी जोडलेले आहेत.

रोमन कवितेत उंचीचा विचार सर्वांत नेमका मांडला तो होरेसने. त्याच्या 'ओड्स'च्या दुसऱ्या पुस्तकातील दहावी कविता लिसिनियस नावाच्या माणसाला उद्देशून आहे. भर समुद्रात फार दूर जाऊ नकोस आणि भीतीने खडकाळ किनाऱ्याला चिकटूनही राहू नकोस, असे ती त्याला सांगते. या मध्यममार्गाला आधार म्हणून होरेस तीन उदाहरणे देतो: वाऱ्याने हेलकावणारा उंच पाइन, कोसळताना अधिक हानी करणारा मनोरा आणि विजेचे लक्ष्य ठरणारा डोंगरमाथा. तिन्ही उदाहरणे शारीरिक अनुभवाची आहेत. हा लिसिनियस म्हणजे पुढे सम्राट ऑगस्टसविरुद्धच्या कटाच्या आरोपावरून मारला गेलेला लिसिनियस मुरेना, असे अनेक अभ्यासक मानतात. ही ओळख मान्य केली तर कवितेतील वीज आकाशातून नव्हे, राजवाड्यातून पडते.

रोमन कवितेतील निसर्गशक्ती पुष्कळदा सत्तेचा मुखवटा असते, हे ओव्हिडच्या आयुष्यातून अधिक स्पष्ट होते. त्याच्या 'मेटामॉर्फोसेस' या काव्यात सूर्याचा रथ हाकायला निघालेला फेथॉन देवराज ज्युपिटरच्या विजेने खाली पडतो आणि इकारसचे मेणाचे पंख उन्हाने वितळतात. उंच उडण्याच्या या दोन कथा लिहिणाऱ्या कवीला ऑगस्टसने इसवी सन ८ मध्ये काळ्या समुद्राकाठच्या टोमिस गावी हद्दपार केले. तिथून पाठवलेल्या कवितांत तो स्वतःवरील शिक्षेला वारंवार ज्युपिटरची वीज म्हणतो आणि मित्रांना बड्या नावांपासून दूर राहण्याचा सल्ला देतो. जी प्रतिमा त्याने कथेसाठी घडवली होती, तिच्यातच त्याला आयुष्याची शेवटची वर्षे काढावी लागली. सेनेकाच्या शोकनाटकांतील समूहगीते हेच सांगतात की राजवाडे वादळाच्या वाटेवर असतात आणि साध्या घराला झोप लागते. सेनेका आणि त्याचा पुतण्या ल्युकन या दोघांनाही इसवी सन ६५ मध्ये सम्राट नीरोच्या हुकुमामुळे आपले जीवन संपवावे लागले. या कवींची उंचीविषयीची भीती अलंकारशास्त्रातून आलेली नव्हती.

उंचीला केवळ धोका मानून रोमन कविता थांबली असती, तर ती नीतिपाठापुरती उरली असती. ती तशी उरली नाही, याचे श्रेय व्हर्जिलला. 'इनीड' या महाकाव्याच्या चौथ्या सर्गात प्रेयसी डायडोच्या विनवण्या ऐकूनही न ढळणाऱ्या नायक इनियसला तो आल्प्समधील जुन्या ओकची उपमा देतो. चहूबाजूंनी वारे त्याला झोडपतात, पाने जमिनीवर विखुरतात, खोड कुरकुरते. पण त्याचा शेंडा जितका आकाशात गेला आहे तितकीच मुळे पाताळात गेली आहेत. झाडांच्या मुळांचे हे गणित व्हर्जिलने आधी 'जॉर्जिक्स' या शेतीविषयक काव्यात मांडले होते. म्हणजे त्याच्या सर्वांत गाजलेल्या उपमांपैकी एक शेतीच्या निरीक्षणातून महाकाव्यात आली. उंची खरी की खोटी हे मुळांवरून ठरवायचे, ही कसोटी व्हर्जिलने दिली. पुढे ल्युकनने तिचाच उलट उपयोग केला. यादवी युद्धावरील आपल्या महाकाव्यात त्याने सेनापती पॉम्पीला असा जुना ओक म्हटले, ज्याची मुळे सुटली आहेत आणि जो केवळ स्वतःच्या वजनामुळे उभा आहे; सीझरला म्हटले वीज. एका झाडात आणि एका विजेत त्याने एका प्रजासत्ताकाचा अंत सांगितला.

याच परंपरेत एक बंडखोरही आहे. लुक्रीशियसने विश्वाच्या रचनेवरील आपल्या काव्याच्या सहाव्या पुस्तकात विजेची भौतिक कारणे शोधली आणि थेट प्रश्न विचारले. वीज ही देवाची शिक्षा असेल तर ती निरपराध माणसाला का मारते? देवाच्याच मंदिरांवर का पडते? ओसाड रानात आणि समुद्रात वाया का जाते? ती उंच जागी जास्त पडते हे त्यानेही नोंदवले आहे, पण त्यातून नीतीचा धडा काढायला त्याने नकार दिला. विजेला न्यायबुद्धी नसते, हे कवितेत इतक्या स्वच्छपणे फार कमी जणांनी म्हटले आहे.

मराठीत उंचीवर संशय घेणारी कविता संतांपासून आहे. पुरात उन्मळणारे झाड आणि तगून राहणारे लव्हाळे यांची तुकोबांनी घातलेली सांगड प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. ती होरेसच्या पाइनजवळ ठेवली की साम्य लगेच जाणवते. फरक मात्र मुळातला आहे. होरेसचा सल्ला शहाण्या नागरिकाला दिलेला आहे: मधोमध राहा. तुकोबा मधोमध राहायला सांगत नाहीत. ते लहानपण मागतात आणि ते देवाजवळ मागतात. १६३०च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात ज्याने घरची माणसे गमावली, त्याने मागितलेले हे लहानपण म्हणजे सुरक्षिततेचा हिशेब नव्हे. अहंकार सोडण्याची ती तयारी आहे.

विसाव्या शतकात कुसुमाग्रजांनी ही प्रतिमा दुसऱ्या दिशेने वळवली. 'विशाखा' (१९४२) मधील 'आगगाडी व जमीन' या कवितेत मस्तवाल यंत्र जमिनीला तुडवत जाते आणि अखेर जमीनच त्याचा अंत करते. ओव्हिडने सांगितलेली राक्षसांची कथा इथे आठवते. पृथ्वीचे पुत्र पर्वतावर पर्वत रचून स्वर्गावर चालून जातात आणि ज्युपिटर विजेने त्यांना चिरडतो. रोमन कथेत पृथ्वीचे बंड हरते. कुसुमाग्रजांच्या कवितेत जिंकते. त्यांच्याच 'कणा'मध्ये नदी घरात शिरून संसार धुऊन नेते, तरी माणूस ताठ उभा राहतो. ही उंची पदाची वा पैशाची नाही, पाठीच्या कण्याची आहे. पुराने तिला कमी केले नाही, उलट दृश्यमान केले.

आता सोलापूर. हे शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंच आहे, पण ही उंची डोळ्यांना दिसत नाही. आडवा पसरलेला माळ, काळी आणि मुरमाड जमीन, भीमा आणि सीना या नद्या, पर्जन्यछायेमुळे बेभरवशाचा पाऊस आणि उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारा पारा. डोंगर नसलेल्या या मुलखाने आपली उंची स्वतः घडवली. मकर संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. बाराबंदी घातलेले मानकरी त्या उंच काठ्या आपल्या शरीराच्या तोलावर उभ्या धरून चालतात. धरणाऱ्याचे पाय डगमगले तर काठीची उंची क्षणभरही टिकणार नाही. आणि ज्यांच्या नावाने ही यात्रा भरते त्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांना हाताशी धरून तलाव खोदला. कन्नड वचनसाहित्यातील हा मोठा कवी सोलापूरच्या स्मृतीत शिखर बांधणारा म्हणून नाही, जमीन खोदून पाणी साठवणारा म्हणून राहिला आहे. व्हर्जिलच्या ओकची मुळे आणि सिद्धरामेश्वरांचा तलाव या दोन्हींत उंचीला जबाबदार धरणारी खोली आहे.

हलसगीकरांची 'उंची' याच मातीतून आली, असे मी मानतो. तिचा आवाका छोटा आणि रचना सरळ आहे. ज्यांच्याकडे काही फुलले, जुळले, उजळले, त्यांनी त्यातले थोडे इतरांना द्यावे, आणि आभाळाला पोचलेल्यांनी खाली येऊन मातीतल्यांना वर घ्यावे, असे ती सुचवते. रोमन कवितेने उंच माणसाला विचारले होते, तू सुरक्षित आहेस का? हलसगीकर विचारतात, तुझ्या उंचीचा उपयोग कोणाला? होरेसच्या कवितेत खाली उतरणे म्हणजे विजेपासून बचाव. हलसगीकरांच्या कवितेत ते कर्तव्य आहे. धमकी नाही, शाप नाही, वादळही नाही. केवळ आर्जव आहे आणि त्या आर्जवाला नैतिक अधिकार आहे. मराठी कवितेने उंचीच्या प्रतिमेत घातलेली ही मोलाची भर आहे आणि तिच्या साधेपणामुळे समीक्षेने तिच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

तरीही या कवितेची एक मर्यादा नोंदवायला हवी. तिच्यातील निसर्ग संपूर्णपणे उदार आहे. बाग फुलते, सूर्य उजेड देतो, आभाळ म्हणजे मोठेपण. सोलापूरचे आभाळ नेहमी असे वागत नाही. इथल्या सूर्याचे दुसरे रूप पाहण्यासाठी मंजुळेंकडे वळावे लागते. 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हे शीर्षकच एक विधान आहे. आंबेडकरी कवितेच्या परंपरेत सूर्य ही मुक्तिदात्याची प्रतिमा; बाबासाहेबांसाठी ती असंख्य कवींनी वापरली आणि ती सार्थही होती. त्याच परंपरेच्या वारशात वाढलेला एक कवी उन्हावर कटाचा आरोप ठेवतो, तेव्हा जुनी प्रतिमा खोटी ठरत नाही. तिच्या शेजारी दुसरे सत्य उभे राहते. ऊन सगळ्यांवर सारखे पडते हे फक्त हवामानापुरते खरे. सावली सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. कोणाला सावली मिळेल हे जात, जमीन आणि पैसा ठरवतात, आणि म्हणून ऊन कटात सामील असल्यासारखे वाटते. या संग्रहाला भैरूरतन दमाणी साहित्य पुरस्कार मिळाला. पुढे 'फँड्री' आणि 'सैराट'मध्ये तोच रखरखीत माळ पडद्यावर आला. चित्रपटांच्या प्रसिद्धीमागे हा कवितासंग्रह झाकला जाऊ नये.

इथे रोमन कवितेचा मुख्य दावाच सोलापूरच्या माळावर अडतो. खाली राहणारा सुरक्षित असतो, असे होरेस आणि सेनेका सांगतात. ज्या समाजात संकट राजाच्या मर्जीतून येते तिथे हे बऱ्याच अंशी खरे असेल. पण दुष्काळ शिखरापासून सुरू होत नाही. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेले ते ज्यांच्या घरात धान्याची कणगी नव्हती ते. विजेचेही तसेच. वीज बहुधा उंच गोष्टीवर पडते, हे निसर्गात दिसतेच. पण मोकळ्या माळावर सर्वांत उंच असते ते एखादे एकटे झाड, ज्याच्या आडोशाला शेतमजूर बाई थांबलेली असते, किंवा मेंढरांमागे उभा असलेला मेंढपाळ. मान्सूनपूर्व वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात वीज पडून माणसे दगावल्याच्या बातम्या या भागातून दरवर्षी येतात. ज्याला समाजाने सर्वांत खाली ठेवले, तो विजेसाठी सर्वांत उंच ठरतो. होरेसच्या प्रतिमेला इतके कडवे उत्तर दुसरे नसेल, आणि ते सोलापूरच्या शिवारात आहे. लुक्रीशियसने निरपराधांविषयी विचारलेला प्रश्न इथे दोन हजार वर्षांनीही ताजा आहे.

पुराचेही तेच. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या पुरामुळे माढा, मोहोळ, करमाळा भागातील गावे आणि शेते पाण्याखाली गेली. पिके गेलीच, अनेक ठिकाणी जमिनीचा वरचा थर खरवडून गेला. तुकोबांचे लव्हाळे ज्या मातीला धरून वाचते ती मातीच वाहून गेली, तर लहानपणाचे काय करायचे? ज्या जिल्ह्याची ओळख दुष्काळी अशी आहे, त्याने पुराचे हे रूप पाहिले आहे. हा अनुभव मराठी कवितेत तिच्या नेहमीच्या पावसाच्या शब्दांनी सांगता येणार नाही.

म्हणून आजच्या कवितेकडे पाहताना समाधान वाटत नाही. दिवाळी अंकांतून, संमेलनांतून, समाजमाध्यमांतून वाचायला मिळणाऱ्या कवितेत आभाळ, शिखर, गरुडझेप, वादळ, वणवा हे शब्द वारंवार येतात. पण कोणते आभाळ, कोणत्या महिन्यातले, कोणत्या गावावरचे, हे कळत नाही. वादळ म्हणजे मनातली खळबळ, वणवा म्हणजे राग, शिखर म्हणजे यश, अशा ठरलेल्या जोड्या बनल्या आहेत. प्रतिमेतून निसर्ग वजा झाला आहे आणि केवळ भावनेचे नाव शिल्लक आहे. 'उंची' या कवितेच्या वाट्यालाही हेच आले. सत्कारसमारंभांत ती मोठ्या व्यक्तींच्या गौरवासाठी म्हटली जाते, आणि तिने त्याच व्यक्तींकडे केलेली मागणी टाळ्यांमध्ये विरून जाते. कवितेवरचा हा अन्याय आपण थांबवला पाहिजे.

उलट उदाहरणे आहेत आणि त्यांच्यावरच आशा आहे. ना. धों. महानोरांच्या 'रानातल्या कविता' (१९६७) पासून शेतशिवाराचा निसर्ग मराठीत नेमकेपणाने आला. ग्रामीण आणि दलित कवितेने निसर्गाला सजावटीतून बाहेर काढून श्रमाशी आणि भुकेशी जोडले. या दोन धारांनी मिळून दिलेली शिस्त अशी की प्रतिमा वापरायची तर ती वस्तू आधी पाहावी लागते. व्हर्जिलने ओकच्या मुळांची खोली शेतीच्या काव्यात आधी लिहिली, मग तिला महाकाव्यात जागा दिली. या क्रमाला पर्याय नाही.

समीक्षेचीही जबाबदारी आहे. मराठी समीक्षेने प्रतिमांचा अभ्यास केला, पण बहुधा एकेका कवीपुरता किंवा एकेका प्रवाहापुरता. उंची आणि निसर्गशक्ती यांचे नाते वेगवेगळ्या भूप्रदेशांत कसे बदलते, कोकणातील कवितेत समुद्र आणि कडा काय करतात, खानदेशात बहिणाबाईंच्या ओव्यांत जमीन काय करते, सोलापूरच्या माळावर ऊन काय करते, असा भूगोलाला धरून केलेला अभ्यास व्हायला हवा. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठासारख्या संस्थेला हे काम आपल्या दारातच आहे. त्यासाठी हलसगीकर आणि मंजुळे एकत्र शिकवावेत, सिद्धरामेश्वरांची वचने मराठी विद्यार्थ्यांनी कन्नड मित्रांच्या मदतीने वाचावीत, आणि होरेस, व्हर्जिल, लुक्रीशियस यांचे निवडक काव्य थेट लॅटिनमधून मराठीत यावे. लॅटिन कवितेशी आपला परिचय बहुतांशी इंग्रजीमार्फत झाला आहे. शेतीची, वाऱ्याची, झाडांची ती कविता मराठी शेतीच्या शब्दांत फार चांगली उतरेल.

माझा निष्कर्ष एवढाच आहे. रोमन कवितेने उंचीला भीती शिकवली, व्हर्जिलने तिला मुळे दिली, तुकोबांनी तिचा मोह सोडायला सांगितला, हलसगीकरांनी तिला कर्तव्य दिले आणि मंजुळेंनी आभाळाकडेच जाब मागितला. यापुढचे पाऊल टाकायचे आहे ते आज लिहिणाऱ्यांनी. सोलापूरच्या तरुण कवींना माझी विनंती आहे: शिखराची कविता लिहिण्यापूर्वी आपल्या तालुक्यात गेल्या वर्षी वीज कोणावर पडली ते शोधा, पुरात कोणाची माती गेली ते जाऊन पाहा, आणि मग उंचीविषयी लिहा.